बीबीपर्यंत पायी

वडनेर भोलजीच्या कडूबा माळ्याला कोणी विचारलं, "गाव कोणतं बापा तुमचं?" तर तो लगेच उत्तर देत नसे. आधी खाकरायचा, मग खांद्यावरचं उपरणं सारखं करायचा, मग कुठे म्हणायचा, "वडनेर." आता सांगा, स्वतःच्या गावाचं नाव घ्यायला माणसाला एवढा वेळ कशाला लागावा? पण कडूबाला लागायचा, आणि त्याचं कारण होतं बीबी. नांदुऱ्याकडच्या सपाटीवरून घाट चढून, पुढे बुलडाणा, चिखली, मेहकर मागे टाकून जावं तेव्हा लागणारं ते गाव.

त्याची आई सरस्वतीबाई. तिची आधीची चार लेकरं गेली होती. एकही वर्षाचं झालं नाही. पाचव्या खेपेला ती बाळंतपणाला माहेरी बीबीला गेली. पोरगा झाला तशी तिथल्या जाणत्या बायांनी त्याला सुपात घातलं आणि शेजारच्या अंबूबाईला विकून टाकलं. दचकू नका, आपल्याकडे हे नवं नाही. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथलं पोर अशा बाईनं विकत घ्यायचं, जिची सगळी जगली आहेत. मग मरण त्या घरी शोधत आलं तरी त्याला पोर सापडत नाही. अंबूबाईनं मूठभर ज्वारी सरस्वतीबाईच्या ओटीत टाकली, पोर उचललं आणि त्याचं नाव ठेवलं कडूबा. इतकं कडू पोर कोण खाणार!

एरवी दिवस मावळायच्या आत लेकरू परत देतात. पण चार लेकरं गेलेल्या घराला एका दिवसाचा भरवसा कसा पुरावा? म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, दुधाचे दात पडायला लागेपर्यंत राहू द्या. सरस्वतीबाईनं छातीवर दगड ठेवला आणि रिकाम्या हातानं वडनेरला गेली. कडूबा अंबूबाईच्या कडेवर वाढला. तिच्या हातचं खाल्लं, तिच्या पाठीला पाठ लावून झोपला, तिलाच माय म्हटलं. सहाव्या वर्षी समोरचा दात पडला आणि वडनेरची बंडी बैलं जुंपून दारात येऊन उभी राहिली.

परत देण्याचीही एक रीत असते. विकत घेणारीनं दार लावून घ्यायचं, पाठ फिरवायची आणि तीनदा म्हणायचं, "माझं कोणी नाही." रीतच ती. पण सहा वर्षांच्या पोराला कोणती रीत कळते हो? तो दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारत होता, "माय, उघड, माय, उघड" करत होता, आणि आतून आवाज आला, "माझं कोणी नाही." तीनदा आला. मग मामानं त्याला उचलून बंडीत टाकलं.

वडनेरची पोरं त्याला हसायची. ती म्हणायची 'मले', हा म्हणायचा 'मला'. चार महिन्यांत बोली बदलली. आत जे बसलं होतं ते काही बदललं नाही. सरस्वतीबाई वाईट होती असं मात्र कोणी म्हणू नये. पोराच्या अंगावर माशी बसली तरी तिचा जीव वर-खाली व्हायचा. पण बीबीचं नाव काढलं की ती पांढरीफटक पडायची. "मी हाओ तोवर त्या गावात पाय ठेवशीन तर माह्यं मेलेलं तोंड पाह्यशीन," अशी शपथ तिनं पोराला घातली होती, आणि पोरानं ती एक्केचाळीस वर्षं पाळली. मामा होता तोवर तिकडची खबर यायची. मामा निपुत्रिक गेला आणि तीही वाट बंद झाली. अंबूबाई आहे की गेली, एवढंसुद्धा कळायला मार्ग उरला नाही.

सहासष्टच्या दिवाळीनंतर सरस्वतीबाई वारली. आणि त्याच हिवाळ्यात शाळेतले शालिग्राम गुरुजी रेडिओ ऐकून अस्वस्थ झाले. बिहारात पाण्यावाचून शेतं जळाली होती, माणसं झाडपाला उकडून खात होती. गुरुजींनी मारुतीच्या पारावर लोक जमवले आणि सांगितलं की आपण घाटावर पायी जायचं, घरोघर धान्य मागायचं आणि तालुक्याच्या गावाहून ट्रकनं रेल्वेवर पाठवायचं. नियम एकच. प्रत्येक हाताची एक मूठ. कमी नाही, जास्त नाही, आणि देणाऱ्या कोणालाही नाही म्हणायचं नाही.

"जाची वाट कोणती गुरुजी?" कडूबानं मागून विचारलं.

"मोताळा, राजूरचा घाट, बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. शेवटचा मुक्काम बीबी."

कडूबा उठून उभाच राहिला. "माह्यं नाव लिवा."

घरी कौशल्याबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, वांगे तोडाले आले, मिरचीले पाणी कोण देईन? अन् मायनं काय सांगतलं होतं, इसरले काय?"

"माय व्हती तोवर, असं सांगतलं व्हतं. आता माय नाही." मग तो म्हणाला, "मले तिच्या तोंडून एकडाव आयकाचं आहे कौसल्ये, का मी तिचा व्हतो. एकडाव. मंग काही नको."

तिनं भाकरी बांधून दिल्या.

माघ लागता लागता एकोणीस माणसं निघाली. मागे धान्याची बंडी, ती हाकायला रंगराव. माणूस तोंडाळ, पण बैलांवर हात उगारणार नाही असा. आता गंमत अशी की तेव्हा निवडणूक अगदी तोंडावर होती, आणि राज्य करणाऱ्या पक्षाची निशाणीच होती बैलजोडी. गावात शिरलं की लोक विचारायचे, "निशाणी कोणती?" आणि मागून येणारी बैलजोडी पाहिली की एकमेकांना डोळे मारायचे. "समजलं, समजलं!" एका गावात तर विरुद्ध पक्षाच्या लोकांनी धडाधड दारं लावून घेतली. रंगराव वैतागला. "बैलं काय आता खिशात घालू बे?" शेवटी असं ठरलं की बैलांनी पाव कोस मागून यायचं, आणि मतं मागणारे नाही हे लोकांना पटलं की मग गावात शिरायचं. देशात कुठल्या बैलांना निवडणुकीचा एवढा ताप झाला नसेल.

मोताळ्याच्या अलीकडे एका पाटलानं आख्खं पोतं पुढे केलं. गुरुजींनी हात जोडले, "एक मूठ." पाटलाचा पारा चढला. "आमची इज्जत काय मुठीची आहे काय?" वातावरण तापलं, तेवढ्यात पाटलीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. सालदार, सुना, नातवंडं, पाळण्यातलं तान्हं, सत्तावीस माणसं. तान्ह्याच्या मुठीत चार दाणे बसले, तेही झोळीत पडले, आणि पाटील हसला.

राजूरच्या घाटात पळस फुलला होता. वडनेरकडेही पळस आहे, बांधावर एखादा, म्हशीनं खाजवून वाकडा केलेला. इथं उताराच्या उतार पेटले होते, पान नावाला नाही, नुसती फुलं. एकोणीस माणसं चालता चालता थांबली. वरच्या वळणावर कडूबानं मागे वळून पाहिलं तर सगळा पायनघाट, घाटाखालचा तो सपाट मुलूख, खाली पसरलेला, सकाळच्या धुक्यात गावं बुडालेली, कुठे एखादं देवळाचं टोक वर. आपली विहीर, आपली वांगी, आपली सगळी हयात तिथे कुठेतरी आहे, आणि इथून ती बोटाच्या पेराएवढीही दिसत नाही, हे पाहून त्याला कसंतरीच झालं. सहाव्या वर्षी तो ह्याच घाटानं रडत खाली उतरला होता. तेव्हा काही पाहिलं नव्हतं.

घाटाच्या माथ्यावर एक झोपडी होती. त्यातल्या म्हाताऱ्याकडे धान्य नव्हतं. त्यानं गाडग्यात हात घातला आणि मूठभर बोरं काढली. रंगराव हळूच म्हणाला, "बिहारले जाईस्तोवर सडतीन गुरुजी." गुरुजींनी बोरं झोळीत घेतली. म्हातारा मात्र खुशीत होता. आपणही दिलं, हे तो आतल्या बाईला ओरडून सांगत होता.

चिखलीच्या पुढे कडूबाचे पाय गेले. वहाणेचा अंगठा तुटला, टाचेला फोड, फोडावर फोड. लंगडत एका गावात शिरला तर अन्नपूर्णाबाई नावाच्या एका विधवेनं मूठ द्यायच्या आधी त्याचे पाय पाहिले. "बसा आधी तुमी!" तिनं चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, मीठ टाकलं आणि त्यात पाय ठेवायला लावले. परक्या बाईच्या अंगणात पाय भिजवत बसायचं म्हणजे कडूबा मेल्याहून मेला झाला. पण ती थांबते कसली! हळद-तेल लावलं, फडकं बांधलं, मग आत गेली आणि जुन्या, पण तेल पाजलेल्या वहाणांचा एक जोड घेऊन आली.

"ह्या घाला. मालकाच्या आहेत."

"अन् मालक?"

"ते आता येत नाहीत घालाले," बाई म्हणाली. "सात वर्षं झाले, दर पोळ्याले तेल लावतो. कायले लावतो, मलेच समजत नाही. जाऊ द्या त्याइले तरी कुठं."

वहाणा थोड्या मोठ्या झाल्या. त्या घालून कडूबा मेहकरपर्यंत गेला आणि वाटेत तिच्याबद्दलच विचार करत राहिला. जो परत यायचा नाही त्याच्या वहाणांना एक बाई सात वर्षं तेल लावते. मग जी आपल्याला एकदा 'माझं कोणी नाही' म्हणाली, तिच्या मनात काही उरलं असेल का? की आणखी चार लेकरांच्या, नातवंडांच्या धबडग्यात पुसून गेलं असेल? साठ कोस चालून जावं आणि तिनं विचारावं, कोणता कडूबा? ह्या भीतीनं मेहकरच्या मुक्कामी त्यानं भाकरी तशीच बांधून ठेवली.

दहाव्या दिवशी दुपार कलताना ते लोणारला पोचले. गावाबाहेर सपाट रान चालता चालता एकाएकी पुढची जमीनच संपली. खाली केवढी तरी खोल, गोल, जणू कोणी मोजून काढलेली परात, कडेनं दाट झाडी आणि तळाशी हिरवं, हलतही नाही असं पाणी. झाडीतून मोर ओरडत होते आणि त्यांचा आवाज काठाकाठानं फिरून परत येत होता. रंगरावसारखा रंगराव, तोही म्हणाला, "अरे बापरे," आणि खाली बसला. गुरुजी सांगत होते, कोणी म्हणतात इथे दैत्य गाडला, कोणी म्हणतात आभाळातून तारा पडला. केव्हा पडला कोण जाणे, पण त्याचा खड्डा अजून भरला नाही.

कडूबा काठावर उभा राहून रडत होता. ह्या उतारावरून अंबूबाईनं त्याला कडेवर घेऊन तळाशी देवीला नेलं होतं. तिच्या खांद्यावरून पाहिलेलं ते हिरवं पाणी त्याला आठवलं, आणि तिच्या मानेला येणारा घामाचा वास आठवला. घाटाखाली एक्केचाळीस वर्षं हे स्वप्न आहे की खरं, ते त्याला ठरवता आलं नव्हतं. गुरुजी जवळ आले तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, सुपापासून दारापर्यंत. गुरुजींनी चष्मा पुसला.

"उद्या माळ्यांची गल्ली तुमची," ते म्हणाले. "तिथं दुसरं कोणी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी बीबीला बाजार होता. पहाटेच लोणार सोडून ते पोचले, आणि दुपारच्या आत कडूबा झोळी घेऊन गल्लीत शिरला. मामाचं घर पडून तिथं गुरं बांधली होती. त्याच्या शेजारचं घर होतं तिथंच होतं. ओट्यावर एक म्हातारी मान खाली घालून सुपात ज्वारी पाखडत होती, आणि तिची सून, रुखमाबाई, अंगण झाडत होती. पदर, मान, सूप हलवायची ती डावीकडची लकब. कडूबाला विचारायची गरजच पडली नाही. आहे! म्हातारी आहे! त्यानं झोळी पुढे केली.

"बिहारच्या लोकाइसाठी मूठ मागतो," त्यानं कसंबसं म्हटलं.

रुखमाबाईनं मूठ दिली. म्हातारीनं वर न पाहता सुपातली मूठ भरून पुढे केली. झोळी धरायची सोडून कडूबानं तो हातच दोन्ही हातांत धरला.

"माय. मी कडूबा."

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं वर पाहिलं नाही. हात ओढून घेतला, गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली,

"माझं कुनी न्हाई कडूबा."

तोच आवाज. म्हातारा झालेला, पण तोच. ज्वारी ओट्यावर सांडलेली, आणि सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, तीन लेकरांचा बाप, तिथं सहा वर्षांचा होऊन उभा. ह्याच्यासाठी का चाललो आपण? त्यानं झोळी सावरली आणि वळला.

"थांबा हो, थांबा!" रुखमाबाई झाडू टाकून आडवी आली. "असे जाऊ नका. पोर जगावं म्हनून त्यांनी देवीम्होरं शब्द दिलाय. ज्या दिवशी त्याचं तोंड पाहीन, ज्या दिवशी त्याला माझा म्हनीन, त्या दिवशी त्याला घेऊन जा म्हनून. मी ह्या घरात आल्यापास्नं आयकतेय. नांदुऱ्याकडचा मिरचीवाला बाजारात दिसला का ह्या इचारनार, वडनेरची वांगी आवंदा कशी हायेत? वांगी! नाव काई घ्यायच्या न्हाईत."

"गप बस गं!" म्हातारी भिंतीकडे पाहत ओरडली.

कडूबा जागच्या जागी थिजला. आईची शपथ आईबरोबर सरली, आता आडकाठी नाही, असं तो समजून चालला होता. त्याला काय माहीत, की दुसरी एक शपथ इकडे आहे, आणि ती तो स्वतः जिवंत आहे तोवरची आहे! जे ऐकायला तो आला होता ते ही बाई मरेपर्यंत बोलणार नव्हती. आणि त्याच्यासाठीच बोलणार नव्हती.

मग भिंतीकडूनच आवाज आला.

"रुखमे, त्या पावन्याला इचार, पायाला काय झालं."

रुखमाबाई काय समजायचं ते समजली. तिनं विचारलं. कडूबानं तिलाच सांगितलं, "सांगा त्याइले, फोड आले. आता बरं आहे."

"इचार, लेकरं किती."

"तीन. दोन पोरी, एक पोरगा."

"समदी जगली?"

"सांगा, समदी जगली."

म्हातारीची पाठ हलली. "अन् बायको बरी हाय का इचार. का चिडचिडी हाय."

"बरी आहे," कडूबा रडता रडता हसला. "थोडी चिडते."

"चिडंल न्हाईतर काय. ह्याला वांग्याची भाजी बिगर गुळाची चालत न्हाई." आणि एवढं बोलून ती एकदम चपापली. रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारीनं घसा साफ केला, आणि आवाज कोरडा करून म्हणाली, "इचार त्याला, कोनाचा हाय तो."

गल्लीत कोणी नव्हतं. अकरा दिवस कडूबा एकच शब्द घेऊन चालला होता. 'तुझा', एवढंच म्हणायचं होतं. तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला, वाकलेल्या, आणि त्याच्यासाठी घट्ट फिरवून ठेवलेल्या. त्यानं तो शब्द गिळला.

"सांगा त्याइले," तो म्हणाला, "मी वडनेरच्या सरस्वतीबाईचा."

म्हातारीनं मोठा श्वास सोडला. "हां. मंग बरं हाय. मंग जगंल." मग तोंड तसंच भिंतीकडे ठेवून तिनं एक हात मागे केला. "टोपी काढ म्हनाव त्याला."

कडूबानं टोपी काढली आणि ओट्याशी खाली बसला. तिचा खरखरीत हात आधी त्याच्या कपाळाला लागला, मग डोक्यावर गेला, मागे मानेपर्यंत उतरला आणि पुन्हा वर आला. घाई नव्हती. बाजाराला निघालेली दोन माणसं गल्लीच्या तोंडाशी थबकली आणि तशीच पुढे गेली.

"रुखमे, केस कसे हायेत गं ह्याचे?"

"पांढरे झाले, आत्याबाई," रुखमाबाई म्हणाली. "निम्मे तर झालेच."

"पांढरे झाले!" म्हातारीचा हात त्याच्या डोक्यावर थांबला. ती भिंतीला कपाळ टेकून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, "पांढरे झाले वं माय... पांढरे झाले."